खिडक्या बंद, तरी खोकला: घरातल्या हवेचं नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कांदिवली पूर्वेला, हायवेच्या जवळ, चौथ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. स्वयंपाकघरात चिमणी आहे. शेजारी टॉवरचं काम सुरू आहे. पाच वर्षांच्या मुलीला नोव्हेंबरपासून कोरडा खोकला आहे, रात्री जास्त. म्हणून दिवाळीपासून खिडक्या बंदच आहेत, हॉलमध्ये आठ-दहा कुंड्या आणून ठेवल्या आहेत, आणि आता दहा हजारांच्या आतबाहेर एअर प्युरिफायर घ्यायचा विचार आहे. त्यात एक अ‍ॅप हवेचा निर्देशांक १०० दाखवतं, दुसरं १५०, मग खरं कोणतं मानायचं?

यात खरा प्रश्न ‘कुठलं मशीन’ हा नाही. मुलगी रात्रीचे नऊ-दहा तास ज्या खोलीत झोपते, त्या खोलीतली धूळ आणि धूर बाहेरून किती येतो, घरातच किती तयार होतो, आणि तो बाहेर जायला वाट आहे का, हे आधी कळायला हवं. घरांमध्ये मीटर लावून मोजमाप करणं हा माझ्या कामाचा भाग आहे, आणि बंद खिडक्यांच्या घरात सर्वांत मोठे चढ बहुतेक वेळा घरातल्याच कशामुळे तरी येतात, हे त्या नोंदींत पुन्हा पुन्हा दिसतं. तुमच्या घरात तसंच असेल असं मी इथून सांगू शकत नाही. स्वयंपाकघर कुठे उघडतं, चिमणीचा पाइप कुठे सोडला आहे, डासांसाठी काय वापरता, गीझर गॅसचा आहे का, यावर बरंच अवलंबून आहे. त्यामुळे पुढे जे लिहितो ते स्वतःच्या घराशी ताडून पाहा.

अ‍ॅपच्या आकड्याचं आधी मिटवू. दोन्ही अ‍ॅप बहुधा एकच हवा मोजत आहेत, पट्टी वेगळी आहे. भारतीय निर्देशांकात पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असले की आकडा १०० येतो, आणि तो ‘समाधानकारक’ या गटात बसतो. अमेरिकी पट्टीवर त्याच ६० मायक्रोग्रॅमला १५०च्या थोडं वर आकडा मिळतो आणि रंग लाल होतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची शिफारस तर चोवीस तासांच्या सरासरीसाठी १५ मायक्रोग्रॅमची आहे. म्हणून निर्देशांक सोडा आणि अ‍ॅपमध्ये खाली दिलेला पीएम २.५चा मायक्रोग्रॅममधला आकडा पाहायची सवय लावा. दुसरी गोष्ट, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर कणांसाठी दिसणारा निर्देशांक हा मागच्या चोवीस तासांच्या सरासरीवर काढलेला असतो. आत्ता खिडकी उघडू का, याचं उत्तर त्या एका आकड्यात नसतं. त्यासाठी जवळच्या मोजणी केंद्राचा तासागणिक आलेख उघडावा लागतो.

आता बंद खिडक्यांबद्दल. आपल्याकडच्या सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या घट्ट लावल्या तरी फटींतून, दाराखालून, बाथरूमच्या झडपांतून हवा येत-जात राहते. साधारण तासाला खोलीतली निम्मी ते पाऊण हवा बदलते असं धरा. बाहेर पीएम २.५ शंभर मायक्रोग्रॅम असेल आणि दिवसभर तसंच राहिलं, तर काही तासांत बंद घरातही साठ-सत्तरपर्यंत पोहोचतं. कण थोडे फटींत अडकतात, थोडे भिंती-पडद्यांवर बसतात, बाकी आत येतात. बंद खिडकी तासा-दीड तासाचा चढ अडवते, महिनाभराचं प्रदूषण अडवत नाही. उलट घरात तयार झालेला धूरही तिच्यामुळे आतच राहतो.

माणसांच्या श्वासाचंही तेच. दहा बाय बाराची बेडरूम, उंची साडेनऊ फूट, म्हणजे सुमारे ३२ घनमीटर हवा. दोन मोठी माणसं आणि एक मूल दार-खिडकी लावून झोपलं की पहाटेपर्यंत कार्बन डायऑक्साइड २,००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २,००० भाग) वर जातो. बाहेर तो सव्वाचारशेच्या आसपास असतो. एवढ्याने विषबाधा होत नाही, पण सकाळी डोकं जड वाटतं, आणि मुख्य म्हणजे खोलीतली हवा बदलत नाही याची ती खूण आहे. एसीने हे सुधारत नाही. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. हे अनेकांना माहीत नसतं.

म्हणून खिडकी उघडायचीच, पण वेळ आणि बाजू पाहून. मुंबईत हिवाळ्यात रात्री जमीन गार होते, जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली अडकते आणि वारा मंद, जमिनीकडून समुद्राकडे असतो. गाड्यांचा धूर, जाळलेला कचरा, धूळ हे सगळं त्या कमी उंचीच्या थरात साठत जातं. म्हणून रात्री उशिरापासून सकाळी नऊ-दहापर्यंतची हवा सहसा सर्वांत वाईट असते. नेमकी तीच वेळ आपल्याकडे ‘सकाळची शुद्ध हवा’ म्हणून खिडक्या सताड उघडायची असते. ऊन तापलं की तो थर उचलला जातो आणि दुपारी समुद्राकडून वारा सुरू होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत साधारण एक ते पाच ही वेळ घर मोकळं करायला बरी.

तुमच्या जागेत एक अडचण आहे. कांदिवली पूर्वेची बहुतेक वस्ती हायवेच्या पूर्वेला आहे, आणि दुपारचा वारा पश्चिमेकडून, म्हणजे हायवे ओलांडून तुमच्याकडे येतो. गाड्यांचा ताजा धूर, विशेषतः काजळी आणि नायट्रोजन डायऑक्साइड, मोठ्या रस्त्यापासून दीडशे-दोनशे मीटरपर्यंत ठळकपणे जास्त असतो आणि पुढे विरळ होत जातो. इमारत त्या पट्ट्यात असेल तर हायवेकडची खिडकी उघडून उपयोग कमी. मागच्या, पूर्वेकडच्या बाजूची खिडकी उघडा आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लावा. पंखा हवा बाहेर ओढतो आणि तिची जागा उघड्या खिडकीतून भरून निघते, म्हणजे हवा कुठल्या बाजूने घ्यायची हे तुम्ही ठरवता. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. मागची बाजू नेमकी बांधकामाकडे असेल, तर तिथे काम थांबतं ती जेवणाची सुट्टी किंवा रविवार पाहा.

आता घरातला धूर. इथे जरा जास्त वेळ घालवतो, कारण इथे पैसे न घालता सर्वांत जास्त फरक पडतो.

पहिली डासांची कॉइल. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन आणि मलेशियातल्या कॉइल जाळून मोजमाप केलं होतं. एका कॉइलमधून निघालेले पीएम २.५ कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. बंद बेडरूममध्ये कॉइल लावली की घनमीटरला हजार मायक्रोग्रॅमची पातळी सहज ओलांडली जाते, आणि तीसुद्धा मूल झोपलेलं असताना, तासन्‌तास. रात्रीच खोकला वाढतो हे तुम्ही लिहिलंय, म्हणून पहिली शंका मला हीच येते. मच्छर अगरबत्तीही त्याच गटातली. लिक्विड मशीनमधून धूर निघत नाही, पण औषध हवेत जातंच. तेही बंद खोलीत रात्रभर चालवू नका. झोपायच्या आधी तासभर लावून, खोली मोकळी करून बंद केलेलं बरं. खरा उपाय म्हणजे खिडक्यांना जाळी आणि मुलीच्या पलंगाला मच्छरदाणी. बाजूच्या बांधकामावर पाणी साठत असेल तर पालिकेच्या कीटकनाशक विभागाला कळवा. घरात कॉइल लागते ती बहुधा तिथल्या डासांमुळेच.

दुसरी अगरबत्ती, धूप, कापूर. देवासमोर काय लावायचं हा प्रत्येक घराचा प्रश्न आहे, मी फक्त धुराचं सांगतो. एक काडी अर्धा-पाऊण तास मंद जळते, आणि मंद जळणाऱ्या प्रत्येक गोष्टीतून बारीक कण भरपूर निघतात. देवघर स्वयंपाकघरात असेल तर तेवढा वेळ चिमणी किंवा एक्झॉस्ट चालू ठेवा. बाहेर असेल तर उघड्या खिडकीजवळ लावा, किंवा अर्धी काडी मोडून लावा. धूप-कपातून सर्वांत जास्त धूर होतो, तो बंद फ्लॅटमध्ये नकोच. तुपाच्या निरांजनाचा धूर या सगळ्यांपेक्षा बराच कमी असतो, वात छोटी ठेवली तर आणखी कमी.

तिसरा स्वयंपाक. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकच समजतात. एक म्हणजे फोडणी, तळण, पोळी-भाकरी करपणं, यांतून येणारे तेलाचे आणि काजळीचे कण. दुसरी म्हणजे गॅसच्या ज्योतीतून तयार होणारा नायट्रोजन डायऑक्साइड. तो दिसत नाही, आणि दम्याच्या मुलांना तोच त्रास देतो. निळी, स्वच्छ ज्योत असली तरी तो बनतो, कारण ज्योतीच्या उष्णतेने हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात. इंडक्शन घेतलं तर वायू थांबतो, फोडणीचा धूर राहतोच. म्हणून शेगडी कुठलीही असो, हवा बाहेर नेणं भागच आहे.

चिमणी आहे असं तुम्ही म्हणता, तर तिचा पाइप कुठे जातो ते आज पाहा. भाड्याच्या घरांत बऱ्याचदा पाइप नसलेली, कोळशाच्या जाळीतून हवा परत स्वयंपाकघरातच सोडणारी चिमणी असते. ती थोडा वास आणि तेल अडवते, नायट्रोजन डायऑक्साइड आणि वाफ तशीच परत येते. पाइप असला तरी तीन चुका सर्रास दिसतात. सहा इंची तोंड असलेल्या चिमणीला चार इंची पाइप जोडलेला असतो. लवचीक अ‍ॅल्युमिनियमचा पाइप माळ्यामागे दाबून चपटा झालेला असतो आणि त्याला तीन-तीन वळणं असतात. किंवा पाइपचं तोंड ड्राय बाल्कनीत सोडलेलं असतं आणि तिथून शेजारच्या खिडकीने सगळं परत आत येतं. खोक्यावर लिहिलेली ताशी हजार-बाराशे घनमीटरची क्षमता अशा जोडणीत उरत नाही. पाइप सहा इंची, शक्य तितका सरळ, जास्तीत जास्त दोन वळणांचा आणि बाहेरच्या भिंतीतून मोकळ्या हवेत निघणारा हवा.

तपासायला सोपं आहे. चिमणी मध्यम वेगावर लावा आणि वर्तमानपत्राचं अर्धं पान जाळीला लावा. ते चिकटून राहिलं पाहिजे. मग एक काडी विझवून तिचा धूर शेगडीच्या पुढच्या कडेला धरा. धूर वर ओढला न जाता तुमच्या तोंडाकडे येत असेल तर चिमणी फार उंच लावली आहे, जाळी तेलाने बुजली आहे, किंवा आत यायला हवाच नाही. उंची शेगडीपासून साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर ठेवतात. जाळी दर दोन-तीन आठवड्यांनी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवून धुवावी. आणि चिमणी चालू असताना दुसऱ्या खोलीची एक खिडकी चार बोटं तरी उघडी ठेवा. घर पूर्ण बंद असेल तर चिमणी ओढणार काय?

वापरातही थोडं बदला. शेगडी पेटवायच्या दोनेक मिनिटं आधी चिमणी लावा आणि गॅस बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू राहू द्या. तळण आणि फोडणी भिंतीलगतच्या बर्नरवर करा, तिथला धूर जास्त पकडला जातो. तेलातून धूर निघायच्या आधी मोहरी टाका. तडतडायला तेवढी उष्णता पुरते. स्वयंपाकघराचं दार लावून घ्या, म्हणजे बेडरूमपर्यंत कमी जाईल.

इथे एक धोक्याची गोष्ट सांगायलाच हवी. पाइपगॅसवर चालणारा गीझर बाथरूमच्या आत असेल आणि तुम्ही दिवाळीपासून सगळ्या फटी बुजवल्या असतील, तर त्या आजच मोकळ्या करा. बंद जागेत गॅस गीझरला ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि अंघोळीला गेलेलं माणूस बेशुद्ध पडून मेल्याच्या घटना आपल्याकडे दर हिवाळ्यात होतात. चिमणी किंवा एक्झॉस्ट जोरात चालू असेल आणि घर बंद असेल तर गीझरचा धूर उलटा आत ओढला जाऊ शकतो. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत हवा. तो हलवेपर्यंत झडपा उघड्या, आधी बादली भरून घ्यायची, गीझर बंद करायचा आणि मगच मुलीला आत न्यायचं. प्युरिफायर कार्बन मोनॉक्साइड काढत नाही. त्यासाठी वेगळा अलार्म मिळतो, तो घेतलात तर चांगलंच.

बांधकामाची धूळ वेगळ्या जातीची. सिमेंट, माती, दगड यांचे कण बहुतांशी जाडसर असतात, पीएम १० म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या आकड्यात जास्त दिसतात आणि तासाभरात फरशीवर, सोफ्यावर बसतात. मग सकाळी कोरडा झाडू मारला की तेच पुन्हा मुलीच्या नाकाच्या उंचीला उडतात. आधी ओल्या फडक्याने पुसा, मग गरज वाटली तर केर काढा. खिडकीच्या पट्ट्या, पंख्याची पाती, पडद्यांची वरची कड आठवड्यातून एकदा ओल्या कापडाने पुसा. मुलगी झोपते त्या खोलीत गालिचा आणि मऊ खेळण्यांचा ढीग ठेवू नका.

बाहेरच्या साइटबद्दल तुमच्या हातात काहीच नाही असं नाही. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३मध्ये बांधकामांसाठी नियमावली काढली आहे. उंच इमारती आणि एक एकरापेक्षा मोठ्या भूखंडांभोवती ३५ फूट उंच पत्रे, लहान भूखंडांना २५ फूट, इमारतीभोवती ओलं हिरवं कापड किंवा ताडपत्री, पाण्याचे फवारे, बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाकं धुणं, राडारोडा झाकून नेणं, हे सगळं त्यात आहे. तक्रार ‘धूळ येते’ अशी मोघम करू नका. कुठला नियम मोडला, कोणत्या वेळी, ते दिसेल असा फोटो, आणि सोसायटीच्या पत्रावर वॉर्ड ऑफिसला अर्ज. ‘चाकं न धुता ट्रक रस्त्यावर येतात, सकाळी सात ते नऊ’ असं लिहिलेल्या अर्जावर कनिष्ठ अभियंत्याला येऊन पाहावं लागतं.

सोसायटीच्या आतही पाहा. कोणाच्या फ्लॅटमध्ये नूतनीकरण चालू असेल तर फरशी आणि ग्रॅनाइट कोरडं कापू देऊ नका. त्यातून निघणारी सिलिकाची बारीक धूळ कामगारांच्या फुप्फुसांना सर्वांत घातक असते आणि जिन्यातून सगळ्या मजल्यांवर पसरते. कटरवर पाण्याची धार हवी, एवढी एक अट नूतनीकरणाच्या परवानगीत घालता येते. डिझेल जनरेटरची साप्ताहिक चाचणी सकाळी न करता दुपारी घ्या. रखवालदार डास पळवायला अंड्यांचे ट्रे जाळतो, माळी वाळलेला पाला पेटवतो, तेही संध्याकाळी, हवा अडकायला लागते तेव्हाच. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली उघड्यावर कचरा जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणात जाळण्याला २५,००० रुपये दंड ठरवला आहे. पण रखवालदाराला दंडाची भीती घालून काही होत नाही. त्याच्या केबिनला जाळी आणि पंखा द्या. पाल्यासाठी आवारात चार बाय चार फुटांचा खड्डा किंवा जाळीचा पिंजरा करा.

कुंड्यांबद्दल थोडक्यात. ‘घरातली झाडं हवा शुद्ध करतात’ हा समज नासाच्या १९८९च्या प्रयोगावरून पसरला. तो प्रयोग छोट्या बंद पेट्यांमध्ये केला होता. २०१९मध्ये अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले गेले, तेव्हा उघड्या खिडकीइतका परिणाम मिळवायला दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत कुंड्या लागतील असं निघालं. झाडं आवडत असतील तर जरूर ठेवा, फक्त बेडरूममध्ये ओल्या मातीच्या कुंड्या नकोत. बुरशी वाढते, आणि खोकल्याला तेही एक कारण असतं.

आता प्युरिफायर. तुमच्या परिस्थितीत, रस्ता आणि साइट दोन्ही जवळ असताना, मी तो घ्या असंच म्हणेन. पण कॉइल बंद केल्यावर आणि चिमणीचा पाइप नीट केल्यावर. आधी घेतलात तर मशीन घरातलाच धूर गाळत बसेल आणि फिल्टर लवकर संपेल.

निवडताना एकच आकडा महत्त्वाचा, तो म्हणजे ताशी किती घनमीटर स्वच्छ हवा मिळते. खोक्यावर तो सीएडीआर नावाने असतो. ‘४०० चौरस फुटांसाठी’ वगैरे जाहिरात प्रत्येक कंपनी आपापल्या गृहीतकावर करते, तिकडे पाहू नका. तुमच्या ३२ घनमीटरच्या खोलीची हवा तासाला पाच वेळा गाळली जावी असं धरलं, तर ताशी १६० घनमीटर स्वच्छ हवा लागते. पण छापलेला आकडा सर्वांत जास्त वेगाचा असतो, आणि त्या आवाजात मूल झोपत नाही. मग लोक रात्री मशीन सर्वांत हळू वेगावर ठेवतात आणि तिथे क्षमता बरीच घसरते. म्हणून २५० ते ३०० सीएडीआरचं घ्या आणि मध्यम वेगावर चालवा. बाहेर पीएम २.५ शंभर मायक्रोग्रॅम असताना, खिडकी बंद, घरात धूर नाही आणि तासाला पाच वेळा गाळणं, एवढं जमलं तर खोलीत दहा-बाराच्या आसपास पातळी येते. तेच मशीन सताड उघड्या खिडकीत चालवलंत तर साठच्या खाली जाणं कठीण. प्युरिफायर काम करत नाही अशी तक्रार येते, तेव्हा बहुतेक वेळा कारण हे असतं.

फिल्टर खऱ्या हेपाचा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या दाट तंतूंचा हवा, त्यावर एच१३ ही श्रेणी लिहिलेली असली तर उत्तम. आयोनायझर (हवेत विद्युतभारित कण सोडणारी सोय) किंवा ओझोन सोडणारी बटणं असतील तर ती बंदच ठेवा. ओझोन स्वतःच श्वासनलिकेला त्रास देतो. कोळशाचा पातळ थर वास थोडे दिवस घेतो, हायवेवरच्या वायूंसाठी त्यावर भरवसा ठेवू नका. विकत घेण्याआधी बदलीचा फिल्टर कितीला आणि मुंबईत मिळतो का, हे विचारा. धुळीच्या जागी रोज चालवला तर तो सहा महिने ते वर्षभर टिकतो, आणि खर्च तिथेच होतो. पुढची जाळी दर पंधरा दिवसांनी ब्रशने किंवा पाण्याने साफ करा, हेपा कधीही धुवू नका. धुतल्यावर तो पांढरा दिसतो, पण तंतूंची रचना बिघडलेली असते. वीज फार लागत नाही. ४० वॉटचं मशीन दहा तास चाललं तर महिन्याला बारा युनिट.

ठेवायचं मुलीच्या खोलीत, भिंतीपासून फूटभर लांब, पडद्याला न चिकटता. हॉलमध्ये ठेवून सगळं घर साफ होत नाही. झोपायच्या अर्धा तास आधी दार लावून जोरात चालवा, मग वेग मध्यम करा. छताचा पंखा चालू राहू द्या, हवा नीट मिसळते. आणि रात्रीच्या कोंदटपणाचं काय? बेडरूमचं दार दोन बोटं किलकिलं ठेवा आणि हॉलमधली हायवेच्या विरुद्ध बाजूची एक खिडकी थोडी उघडी ठेवा. बाहेरून थोडे कण येतील, ते मशीन सांभाळून घेतं. बाहेर पीएम २.५ दीडशेच्या वर असेल, दिवाळीच्या रात्रींसारखं, तेव्हा मात्र खिडकी लावा आणि दुपारची वाट पाहा.

एक छोटा मीटर घेतलात तर यातलं बरंच स्वतः पाहता येईल. पीएम २.५ लेझर सेन्सरने मोजणारा आणि कार्बन डायऑक्साइड इन्फ्रारेड सेन्सरने मोजणारा घ्या. स्वस्तातले मीटर कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत, दुसऱ्या वायूंवरून अंदाज बांधतात, आणि उदबत्ती लावली की तो आकडाही वर जातो. लेझर सेन्सर दमट हवेत कण फुगल्यामुळे जास्त दाखवतो आणि बांधकामाची जाड धूळ कमी दाखवतो, हे लक्षात ठेवून वाचा. अचूक आकड्यापेक्षा चढ-उतार पाहा. एका वहीत वेळ, आकडा आणि घरात तेव्हा काय चालू होतं एवढंच लिहा. फोडणीनंतर बेडरूमचा आकडा किती वेळाने खाली आला, पहाटे पाचला किती होता, खिडकी उघडल्यावर वाढला की कमी झाला, हे आठवडाभरात कळतं आणि पैसे कुठे घालायचे तेही ठरतं.

बाहेर पडताना हायवेकडेने चालत शाळेत जात असाल तर आतल्या गल्लीतून जा, जरा लांब पडलं तरी. मास्क मोठ्यांना एन ९५ चालतो, नाक-गाल घट्ट बसला तरच. पाच वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर मोठ्यांचा मास्क बसत नाही, बाजूने हवा जाते. कापडी मास्क या कणांपुढे निरुपयोगी.

खोकल्याबद्दल मी डॉक्टर नाही. या वयात रात्रीचा कोरडा खोकला बालदमा, ॲलर्जी, भिंतीवरची पावसाळ्यातली बुरशी किंवा सर्दीनंतरची संवेदनशीलता यांपैकी कशामुळेही असू शकतो, आणि हवा सुधारणं हा उपचाराला पर्याय नाही. छातीत घरघर, खोकल्याने रात्री वारंवार जाग, खेळताना धाप, यांपैकी काही असेल तर मशीनची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना ती वही बरोबर न्या, आणि तीत खोकल्याच्या वेळाही लिहा. कॉइल बंद केलेल्या रात्री आणि लावलेल्या रात्री वेगळ्या नोंदवलेल्या असतील, तर डॉक्टरांना त्यातून औषध ठरवायला मदत होते.